गोष्ट झकास सांगते, पण माहिती लिहायची म्हटलं की अडते

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी तिसरीत आहे, मराठी माध्यम. गोष्ट सांग म्हटलं की तासभर बोलेल पण ‘चिमणीविषयी आठ ओळी माहिती लिहा’ आलं की पेन्सिल चावत बसते. लिहिलंच तर एक वाक्य पंखांचं, मग मला चिमणी आवडते, मग परत पंख. शेवटी मी गाईडमधलं सांगते आणि ती उतरवून घेते. मलाच ते पटत नाही. नीट परिच्छेद लिहायला कसं शिकवू?
– एक आई, सोलापूर

उत्तर : गाईडमधलं उतरवणं तेवढं आजपासून बंद करा, वही कोरी राहिली तरी चालेल.

आता ती गोष्टीत अडत नाही आणि इथेच का अडते ते बघा. गोष्टीत ‘मग काय झालं’ हा धागा आपोआप मिळतो, आधीचं आधी, नंतरचं नंतर. माहितीत ‘मग’ नसतोच. पंख आधी की खाणं आधी हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचं असतं आणि हे कसं ठरवायचं ते आपण मुलांना सांगतच नाही, नुसतं ‘आठ ओळी’ सांगतो. तुमची मुलगी कच्ची नाहीये, तिला हे कुणी दाखवलेलं नाहीये.

मी दुसरी-तिसरीला बरीच वर्षं शिकवलं, तेव्हा आम्ही पट्ट्या करायचो. पाठकोऱ्या कागदाच्या दहा-बारा पट्ट्या कापायच्या, पोरांनी बोलायचं आणि मी एका पट्टीवर एकच वाक्य लिहायचं, त्यांच्याच शब्दांत. त्याआधी दोन दिवस चिमणी नुसती बघायची. वर्गाच्या मीटरबॉक्समागे घरटं होतं त्यामुळे आमची सोय होती. नराच्या गळ्याखाली काळा डाग असतो, मादीला नसतो. दाणे टिपते. पिल्लांना अळ्या भरवते. मातीत लोळून अंघोळ करते. हे सगळं पोरांनी स्वतः पाहिलेलं.

मग पट्ट्या जमिनीवर पसरायच्या आणि प्रत्येक पट्टी उचलून विचारायचं, ही कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते? दिसते कशी, खाते काय, करते काय. तसे ढीग लावायचे. एक मुलगा ‘मला चिमणी आवडते’ ही पट्टी घेऊन बसला, ती कुठल्याच ढिगात जाईना आणि त्याला ती टाकवेना, रडायलाच आला. मी विचारलं का आवडते रे? म्हणाला, ती माझ्यासारखी मातीत लोळते. मग ‘करते काय’ या ढिगातली अंघोळीची पट्टी त्याने स्वतः शोधली आणि आपलं वाक्य तिच्या शेजारी ठेवलं. ‘कारण’ हा शब्द त्या दिवशी अख्ख्या वर्गाला कळला.

दुसऱ्या एकीने घरून माहिती आणली होती की २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून. माहिती अगदी खरी, पण तिला ती खाण्याच्या ढिगात घालायची होती, कारण त्यात पट्ट्या कमी होत्या! मी म्हटलं हिला वेगळी जागा दे, हिचा वेगळा परिच्छेद होईल. एक ढीग म्हणजे एक परिच्छेद, एवढंच मुलांना कळलं तरी निम्मं काम होतं.

ढीग लागला की त्यातल्या सगळ्या पट्ट्यांना मिळून एक पहिलं वाक्य शोधायला सांगा, हे सगळ्यात अवघड आहे, घाई करू नका. आमच्या पोरांनी असं केलं होतं : ‘चिमणी स्वतः एक खाते आणि पिल्लांना दुसरंच देते. ती दाणे टिपते. पण पिल्लांसाठी अळ्या आणते. कारण लहान पिल्लांना दाणे नीट पचत नाहीत.’ चारच वाक्यं, पण एकही इकडेतिकडे जात नाही. आठ ओळी भरल्या नाहीत तर बाईंना जाऊन सांगा की ती स्वतः लिहायला शिकतेय, बहुतेक बाई समजून घेतात.

आणि हो, त्याच बैठकीत ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसू नका हो, मुलांचं लक्ष लगेच सगळं अक्षरावर जातं आणि मुद्दा हातचा सुटतो. ते दुसऱ्या दिवशी.

चिमणीच्या आधी मात्र एक सोपं करून घ्या. तुम्ही सोलापूरच्या, घरी शेंगाचटणी होतच असेल. ती करताना तिला शेजारी बसवा. शेंगदाणे भाजले, सोललं, तिखट-मीठ-लसूण घातला, कुटलं. इथे तिचा ओळखीचा ‘मग’ आहे, त्यामुळे क्रम शोधावा लागणार नाही, फक्त पहिलं वाक्य शोधायचं. या रविवारी एवढंच करा आणि तिने कोणतं पहिलं वाक्य काढलं ते मला नक्की कळवा.