कान नव्हे, डोळे

अनेक आशीर्वाद.

मॉस्कोतल्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, तुला घेतलं, आणि पहिल्याच हंगामात रशियन संगीतकार राख्मानिनोवची कॉयर आणि वाद्यवृंदासाठीची रचना 'घंटा' वाट्याला आली! आनंद झाला, पोटात थोडा गोळाही आला.

सगळ्यात आधी एक सवय मोड. आपले कान तबल्यावर वाढलेले. ठेका ऐकत, डोळे मिटूनसुद्धा आपण समेवर येतो. तिथे असं केलंस की फसलीस. कॉयर उभं राहतं सगळ्यात मागे, ट्रॉम्बोन या पितळी वाद्यांच्याही पाठीशी. पहिली व्हायोलिनं तुझ्यापासून सतरा मीटरवर धर. त्यांचा आवाज तुझ्यापर्यंत यायला सेकंदाचा विसावा भाग जातो, तुझा तिकडे पोचायला आणखी तेवढाच. म्हणजे ऐकून गायलीस की पुढच्या रांगेतल्या श्रोत्याला तू मागे पडलेलीच ऐकू येणार. विद्यार्थिदशेत माझं हेच झालं. हातातल्या काडीने ताल दाखवणाऱ्या कंडक्टरनी तालीम थांबवली आणि म्हणाले, "मागे कुणीतरी ऐकतंय." सगळं कॉयर हसलं. तेव्हापासून माझी नजर त्यांच्या काडीवरून हलली नाही.

गंमत म्हणजे या रचनेत टेनरचा, म्हणजे उंच पट्टीतल्या पुरुष गायकाचा, पहिलाच शब्द आहे 'स्लिशिश', म्हणजे 'ऐकतेस ना?' आणि तोच शब्द कॉयर परत उचलतं. त्यातला 'स्ल' ठोक्याच्या आधी सोडून दे, ठोक्यावर फक्त स्वर यायला हवा. तो स्वरही आपला 'इ' नाही, जीभ मागे ओढून म्हण. शिवाय रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' जवळजवळ 'अ' होतो, म्हणून लिहिताना 'कोलोकोला' असलेल्या घंटा कानाला 'कलकला' लागतात. आपल्या कलकलाटाशी नातं नाही, पण लक्षात ठेवायला बरं.

अमेरिकन कवी एडगर ॲलन पोच्या कवितेचं रशियन कवी बालमोंतने केलेलं रशियन रूप राख्मानिनोवने १९१३ मध्ये घेतलं, बरंचसं काम रोममध्ये केलं आणि त्याच वर्षी पीटर्सबर्गला स्वतः कंडक्ट केलं. भाग चार: चांदीच्या घंटा बर्फावरच्या घसरगाडीच्या, सोन्याच्या लग्नाच्या, तांब्याच्या आगीच्या, लोखंडाच्या मरणाच्या. पहिल्या भागात मध्येच तोंड मिटून गुणगुणायचं आहे. तिथे दम राखून ठेव, कारण तिसऱ्या भागात एकही एकलगायक नाही, आग लागते ती सगळी कॉयरच्या गळ्यात. ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, पेटली की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही आणि माणूस ओरडायला लागतो. तू ओरडू नकोस. हा भाग इतका अवघड, की १९३६ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कार्यक्रमासाठी राख्मानिनोवने कॉयरच्या ओळी नव्याने लिहून दिल्या. तेव्हा पहिल्या तालमीत तोंडाला फेस आला तर रडत बसू नकोस.

शेजारच्या बास, म्हणजे खर्जात गाणाऱ्या, मंडळींकडून मात्र श्वास शिकून घे. त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्यं नसतात, नुसत्या गळ्यावर सगळं पेलायची त्यांची परंपरा आहे. एकाच वेळी सगळ्यांनी श्वास घ्यायचा नाही, आळीपाळीने चोरून घ्यायचा.

स्वरलिपीवर खुणा पेन्सिलीने कर. आणि तिसऱ्या भागाची जुनी आवृत्ती गाताय की नवी, तेवढं कळव.

तुझी,
मावशी