हॉस्पिटलच्या मेडिकलमधलं इंजेक्शन तिप्पट महाग, पैसे परत मिळतील का?

ताई, तुमचा मेल वाचला. सासऱ्यांना न्यूमोनिया झाला म्हणून कोथरूडला ॲडमिट केलं, तिथे एक इंजेक्शन हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून २१०० रुपयांना एक असं घ्यावं लागलं आणि डिस्चार्जनंतर सदाशिव पेठेतल्या दुकानात तेच औषध दुसऱ्या कंपनीचं ६५० ला दिसलं. बिल एमआरपीनेच लावलंय, मग ही फसवणूक नाही का, असं तुम्ही विचारताय.

राग येणारच, पण नुसता भाव जास्त म्हणून केस उभी राहत नाही. आपल्याकडे औषधांच्या किमती २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने चालतात. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाला एनपीपीए (औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) कमाल किंमत ठरवून देते, आणि तीही काढतात कशी तर १ टक्का किंवा जास्त मार्केट असलेल्या ब्रँड्सच्या दुकानदाराला पडणाऱ्या भावाची सरासरी, त्यावर १६ टक्के दुकानदाराचं मार्जिन. यादीबाहेरच्या बहुतेक औषधांना कंपनी सुरुवातीला हवी ती एमआरपी छापते, फक्त नंतर वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही. मग हॉस्पिटल काय करतं, जास्त एमआरपीचा ब्रँड स्वस्तात उचलतं आणि छापील भावाने लावतं. २०१८ मध्ये एनपीपीएने दिल्लीकडच्या चार खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तेव्हा मार्जिन १७३७ टक्क्यांपर्यंत निघालं होतं! छापील भाव मोडला नाही म्हणून एवढ्यावर कुणी हात लावत नाही.

तुम्ही औषधाचं नाव लिहिलेलं नाही. बिलावर बघा आणि एनपीपीएच्या 'फार्मा सही दाम' या किंमत दाखवणाऱ्या ॲपवर टाका. यादीतलं असेल आणि कमाल किंमत अधिक जीएसटी याच्यापेक्षा जास्त एमआरपी छापलेली असेल तर एनपीपीएकडे तक्रार करा, फक्त एक लक्षात ठेवा, कंपनीकडून वसूल झालेली जादा रक्कम सरकारी तिजोरीत जाते, तुमच्या खात्यात नाही.

मला खरी कामाची वाटली ती तुमच्या मेलमधली शेवटून दुसरी ओळ, "बाहेरून आणलेलं चालणार नाही असं सिस्टर म्हणाली". ॲडमिट राहायचं तर औषध आमच्याकडूनच घ्या, अशी अट घालणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४१) मध्ये (एक घ्यायचं तर दुसरंही घ्याच, अशी सक्ती) बसवता येतं असं माझं मत आहे. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये या विषयावर सरसकट आदेश न देता धोरण राज्यांवर सोडलं, त्यामुळे विरुद्ध बाजूचा वकील तेच पुढे करणार हे धरून चला.

आणि सिस्टर तोंडी बोलली, उद्या नाही म्हणेल. म्हणून आधी ॲडमिशन फॉर्मवर तुम्ही कशावर सही केलीय ते वाचा (कोणीच वाचत नाही), बॅच नंबरसकट मेडिकलचं बिल मेलवर मागा, आणि त्याच मेलमध्ये तारीख घालून लिहा की बाहेरचं औषध आणू दिलं नाही. उत्तर आलं नाही तरी तो कागद उपयोगी पडतो. मग नोटीस, आणि नंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं आहे, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही.

तोपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर हॉस्पिटलचं नाव घेऊन "लुटारू" वगैरे टाकू नका, उलटी अब्रुनुकसानीची नोटीस यायला वेळ लागत नाही.