मैफल आणि संगीत नाटक गाताना नटांना शिकवावं का?

हो, कोल्हापुरात राहून मैफल आणि संगीत नाटक दोन्ही गाता गाता नटांना पदं बसवून देता येतात, आणि त्यानं गवई म्हणून तुमचं वजन मुळीच कमी होत नाही. भास्करबुवा बखले यांचंच बघा. लहानपणी किर्लोस्कर मंडळी या नाटक कंपनीत नट, पुढे कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादिया खाँसाहेब यांची तालीम, मैफलीत मोठं नाव. आणि तरीही बालगंधर्वांना शिकवलं, १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या. त्या पदांत रागाचा भारदस्तपणा आहे तो मैफलीतूनच आला. मी स्वतः इथं पदांची तालीम देतो, त्यामुळं एक अट मात्र ठामपणे सांगतो: शिष्याच्या पट्टीत, म्हणजे त्याच्या आवाजाला सोयीच्या सुरात, तासन्‌तास गाऊन दाखवू नका. तुमची पट्टी काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) आणि शिकणाऱ्या मुलीची काळी चार असेल, तर गळ्यावर ताण येणारच. म्हणून:

- जागा, म्हणजे पदातल्या खास सुरावटी, आपल्या पट्टीत दाखवा, तिच्या पट्टीत पेटीवर वाजवा.
- प्रयोगाच्या दिवशी शिकवणी नको.

आणि नटाला आधी पदाचे शब्द नीट बोलायला लावा, ताना नंतर. नाट्यपदात अर्थ पोचला नाही तर सुरेल गाणंही फुकट जातं.