छपरावर प्रेशर वॉशर: कुठे चालेल, कुठे नाही

प्रश्न: आमचे छप्पर मातीच्या कौलांचे आहे. उतारावर हिरवे शेवाळ आणि काळे डाग धरले आहेत. घरी प्रेशर वॉशर आहे, त्याने कौले धुतली तर चालेल का?

पूर्ण दाबाने अजिबात धुऊ नका. घरगुती वॉशर साधारण १०० ते १५० बार दाब देतो, नळाच्या पाण्याला दोन-चार बार असतो. कौले एकावर एक चढवलेली असतात ती वरून खाली वाहणारे पाणी बाहेर काढण्यासाठी. शिडीवर उभे राहून वळचणीकडून वर झोत मारला की पाणी नेमके त्या चढावाखाली घुसते. रिपा आणि वासे भिजतात, आतल्या छताला ओल येते आणि ती कुठून आली हे नंतर सापडत नाही. शिवाय भाजलेल्या कौलाचा वरचा थर जास्त टणक असतो. झोताने तो सोलला गेला की कौल पाणी पिऊ लागते आणि शेवाळ पूर्वीपेक्षा लवकर धरते. आढ्याच्या कौलांखालचा जुना गिलावाही अशाच धुण्यात निखळतो.

शेवाळ जाते ते औषधाने आणि त्याला दिलेल्या वेळाने. कोरड्या दिवशी जाड शेवाळ प्लॅस्टिकच्या खरवडणीने किंवा ताठ केसांच्या ब्रशने आढ्याकडून वळचणीकडे ओढून काढा. तारेचा ब्रश वापरू नका, कौलावर ओरखडे उठतात. मग सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले साधे ब्लीच एक भाग आणि पाणी तीन भाग असे मिश्रण बागेच्या फवारणी पंपाने मारा. ऊन कलल्यावर किंवा ढगाळ हवेत मारले तर ते लगेच सुकत नाही. १५ ते २० मिनिटे ओले राहू द्या, मध्येच सुकू लागले तर पुन्हा हलका फवारा मारा. शेवटी साध्या नळीने वरून खाली धुऊन काढा. पांढरट, खवल्यांसारखे चिकटलेले दगडफूल मात्र त्याच दिवशी सुटत नाही. ते मेल्यावर काही आठवड्यांत आपोआप झडते. तेवढी वाट पाहा, खरवडून काढायला गेलात तर कौलाचा कपचा सोबत येतो.

ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे हवेतच. खालची झाडे आधी साध्या पाण्याने चिंब करा आणि काम झाल्यावर पुन्हा धुवा. छपराचे पाणी टाकीत जात असेल तर पन्हळीचा पाइप आधी सोडवून ठेवा. पन्हळ पत्र्याची असेल तर तीही भरपूर पाण्याने धुवा, कारण ब्लीचने गंज चढतो.

प्रश्न: डांबरी शिंगल्सच्या, म्हणजे वर बारीक खडी बसवलेल्या डांबरी चपट्या तुकड्यांच्या, छपरावर काळे ओघळ आहेत. कमी दाब ठेवला तर?

कमी दाबानेही नको. ते ओघळ बहुतेक वेळा ग्लिओकॅप्सा मॅग्मा या सूक्ष्मजीवाचे असतात. शिंगलवरची बारीक खडी उन्हापासून डांबराचे रक्षण करते, आणि झोताने पहिली ती निघते. पन्हळीत वाळूसारखे दाणे साचलेले दिसले तर समजा छपराचे आयुष्य धुऊन निघाले. इथे ब्लीच आणि पाणी समसमान घ्या. बाकी कृती कौलांचीच, फक्त ब्रश घासायचा नाही.

प्रश्न: जुने सिमेंटचे पत्रे धुवावेत का?

नाही. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. झोताने किंवा कोरड्या ब्रशने घासल्यास त्याचे तंतू मोकळे होऊन श्वासात जातात, अंगणात पसरतात. त्यातून होणारे फुप्फुसांचे आजार, कर्करोगासह, कित्येक वर्षांनी उमटतात. शिवाय हे पत्रे माणसाचे वजन पेलत नाहीत, पाय पडताच फुटतात. वर जाऊच नका.

प्रश्न: सपाट स्लॅबची गच्ची दरवर्षी निसरडी होते. तिथे वॉशर चालतो का, आणि नोझल कोणते लावायचे?

वॉशरचे खरे काम इथेच, पण आधी वॉटरप्रूफिंगचा थर पाहा. रंगासारखा लेप किंवा डांबरी शीट असेल तर झोत तिच्या कडेखाली शिरून थर उचलतो. तिथे ब्रश आणि नळी एवढेच. साधे, घट्ट काँक्रीट किंवा फरशी असेल तर हिरवे (झोत २५ अंशांत पसरवणारे) किंवा पांढरे (४० अंश) नोझल घ्या. लाल, म्हणजे शून्य अंशाचे, आणि गोल फिरणारे टर्बो नोझल पेटीतच राहू द्या, त्यांनी काँक्रीटवर चरे पडतात. नोझल पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटरवर, तिरके धरा. आधी एका कोपऱ्यात हातभर जागा धुऊन पाहा. पाण्यासोबत वाळू सुटू लागली तर अंतर वाढवा. फरशीच्या सांध्यांवर झोत रोखून धरू नका.

सुरुवातीला पाणी जाण्याच्या तोंडाशी जाळी लावा, नाहीतर सगळे शेवाळ पाइपात जाऊन बसते. तिथून सर्वात लांबच्या कोपऱ्यातून धुवत यायचे. कठड्याच्या बुडाशी सांधा भेगाळलेला असेल तर धुणे थांबवून आधी तो भरा.

प्रश्न: उतरत्या छपरावर चढून काम करताना काय सांभाळावे?

जमेल तेवढे काम खालून, लांब दांडीच्या फवाऱ्याने करा. ओले शेवाळ साबणासारखे निसरते आणि ट्रिगर दाबताच लान्स, म्हणजे वॉशरची हातात धरायची लांब नळी, मागे रेटा देतो. म्हणूनच शिडीवर उभे राहून वॉशर चालवू नये. चढण्यासाठी लावलेली शिडी दर चार फूट उंचीला एक फूट बाहेर असावी, वळचणीच्या वर निदान तीन फूट निघावी आणि वर बांधलेली असावी. छपरावर जायचेच असेल तर पूर्ण अंगाचा हार्नेस घाला आणि त्याचा दोर इमारतीच्या भक्कम भागाला बांधा, पन्हळीला किंवा पाइपाला नव्हे. ते जमत नसेल तर काम जाणत्याकडे द्या.

यंत्र जमिनीवरच ठेवा आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या स्विचवरून चालवा. वायरचे जोड पाण्यापासून दूर हवेत. जवळून विजेची तार जात असेल तर लान्स आणि लांब दांडी दोन्ही तिकडे वळू देऊ नका.

झोत हाताला किंवा पायाला लागून बारीक भोक पडले तर जखम लहान आहे म्हणून घरी बसू नका. पाणी आणि घाण कातडीखाली खोलवर गेलेली असते, आणि काही तासांत बोट गमवायची वेळ येऊ शकते. लगेच रुग्णालयात जा आणि प्रेशर वॉशरचा झोत लागला आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.