तीस लिटरच्या सॅकमध्ये चार दिवसांच्या ट्रेकचं सामान कसं बसवायचं?

खाणं, पाणी आणि गॅस सोडून तुमचं सामान साडेचार किलोच्या आत आहे, तरी सॅकचं तोंड बंद होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वजनाचं काम तुम्ही छान केलंय, अडतंय ते जागेवर. माझा पहिला संशय छोट्या पिशव्यांवर. स्लीपिंग बॅग एका पिशवीत, जॅकेट दुसऱ्या, कपडे तिसऱ्या. अशा टणक वळकट्या शेजारी शेजारी ठेवल्या की मधल्या फटी फुकट जातात.

त्या सगळ्या पिशव्या काढून टाका. सॅकच्या आत एकच मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी लावा आणि स्लीपिंग बॅग तिच्यात मोकळीच कोंबा. घडी घालायची नाही. तळाच्या कोपऱ्यापासून सुरू करून मूठ मूठ आत ढकलत जायचं. तिच्यावर डाउन (पक्ष्यांच्या मऊ पिसांचं) जॅकेट आणि रात्रीचे कपडे. मग हाताने दाबून हवा काढा, तोंड पिळा आणि खाली खोचून टाका. या पिशवीच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही, कारण डाउन भिजलं की फुगत नाही आणि फुगलं नाही की ऊबही नाही.

इतक्या लहान सॅकला बहुतेक वेळा पाठीला आधार देणारी फ्रेम नसते. म्हणून फुगवायची मॅट हवा काढून, सपाट घडी करून सगळ्यात आधी पाठीच्या बाजूला सरकवा. मग भांड्याची कड पाठीला टोचत नाही. फोमची मॅट मात्र बाहेरच बांधा, आत ती फार जागा खाते.

आता खाणं. दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम धरलं तर चार दिवसांचं अडीच किलोच्या आसपास जातं, म्हणजे सॅकमधली सगळ्यात जड गोष्ट हीच. ती कपड्यांच्या वर, पाठीला चिकटूनच हवी. बाहेरच्या अंगाला गेली तर सॅक मागे ओढते आणि चढावर खांदे भरून येतात. भांडं रिकामं ठेवू नका: ७५० मिलीच्या भांड्यात गॅसचा छोटा डबा, बर्नर आणि लायटर आरामात मावतात.

तंबू बाहेरच्या जाळीच्या खिशात, कारण सकाळी तो बऱ्याचदा ओला असतो. दांड्या वेगळ्या काढून कडेला उभ्या घाला. रेनकोट सगळ्यात वर, पाणी बाजूच्या खिशांत.

एवढं करूनही तोंड बंद झालं नाही तर आधी कपडे तपासा. चालताना अंगावरचा एक जोड आणि झोपायचा एक कोरडा जोड, मोज्यांची एक जादा जोडी. बाकीचे घरी ठेवा.