बजेटचं भाषण पहिल्यांदा ऐकतोयस? मग हे वाच

अरे, नुसत्या भाषणावर जाऊ नकोस. अर्थमंत्री 'अमुक लाख कोटींची तरतूद' म्हणतात ना, तो फक्त अंदाज असतो. त्याच कागदांत मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षी खरंच किती खर्च झाला तेही असतं, ते तिन्ही आकडे शेजारी ठेवून बघ, अर्धी हवा तिथंच निघते. मी आधी टाळ्या मोजायचो, जाऊ दे. वित्तीय तुटीचंही (म्हणजे कर्ज सोडून सरकारला जे मिळतं त्यापेक्षा खर्च जितका जास्त, त्याचंही) तसंच, २०२४-२५ ला ४.९ टक्के धरलेली, सुधारित अंदाजात ४.८ झाली, पण हे टक्के जीडीपीचे, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाचे, बजेटचे नाहीत, इथं नवे लोक हमखास गोंधळतात. आणि आर्थिक पाहणी अहवाल, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या स्थितीवरचा सरकारचाच वार्षिक अहवाल, बजेटच्या आधी येतो, तो चाळ, अडचणी तिथं जास्त मोकळेपणानं लिहिलेल्या असतात.