गोंगच्या खुणा गळाल्या म्हणून फाँट बदलू नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. बाली गामेलानच्या (इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या वाद्यवृंदाच्या) स्वरलेखनाची फाइल तुमच्या वर्डमध्ये नीट दिसते, प्रूफात मात्र सूर आहेत आणि गोंग-केंपुल या टांगलेल्या धातूच्या वाद्यांच्या खुणा गायब. वर छापणारे म्हणतायत 'फाँट बदला'. इतक्यात बदलू नका.

बाली लिपीचा ब्लॉक (तिच्या चिन्हांची राखीव जागा) युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, आवृत्ती ५.० पासून (२००६) आहे, कीबोर्ड कसा लावायचा वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो. फाँटमध्ये चिन्ह नसेल तर चौकोन दिसतो. चिन्ह आहे पण सॉफ्टवेअरला ते नीट बसवता येत नसेल तर ठिपक्यांचं वर्तुळ येतं किंवा खूण बाजूला सरकते. काहीच दिसत नसेल तर बहुतेक कुणीतरी ती खूण पुसलेली असते.

डोंग, डेंग, डुंग, डांग, डिंग हे सूर आणि ढोलाचे डुग, डाग, तुक, ताक वगैरे बोल ही सुटी चिन्हं. मधली नऊ, युनिकोड क्रमांक १बी६बी ते १बी७३, म्हणजे तेगेह, एंडेप, केंपुल, जेगोगान, गोंग इत्यादी, आधीच्या सुरावर बसणारी. युनिकोडमध्ये त्यांचा गट एमएन (Mn), म्हणजे स्वतःची वेगळी जागा न घेता आधीच्या अक्षरावर बसणाऱ्या खुणा. पुष्कळ कचेऱ्यांत मजकूर 'साफ' करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, असते. फ्रेंच अक्षरांवरच्या रेघा काढायला लिहिलेली, पण एमएन दिसलं की सरसकट उडवते.

आमचं काम ज्या प्रकाशन विभागाकडे होतं (नाव घेत नाही) तिथे हेच चाललं होतं. सूर जागच्या जागी, ढोलाचे बोलही शाबूत, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला पान चोख वाटायचं. पण तेगेह-एंडेप गेले की सूर वरचा की खालचा ते कळत नाही, आणि गोंग गेला की आवर्तन कुठे संपलं तेच कळत नाही. सम पुसून त्रिताल छापावा, तसला प्रकार. मेल केला की ठरलेलं उत्तर: 'आमच्या स्क्रीनवर सगळं दिसतंय.' मग माणूस बदलला. नवा म्हणाला, स्कॅन करून चित्र पाठवा! म्हणजे शोध नाही, दुरुस्ती नाही, सगळी टंकलेली मेहनत पाण्यात.

शेवटी त्यांना 'मुंबई, पुणे' एवढंच त्याच स्क्रिप्टमधून काढायला लावलं. बाहेर आलं 'मबई, पण'. उकार, अनुस्वार, एकमात्रा हेही एमएनच. काना आणि वेलांटी दुसऱ्या गटातली, म्हणून ती वाचतात. तिथल्या मराठी बाईंनी ते पाहिलं आणि फाँटचा विषय त्याच दिवशी बंद झाला. बालीचं कुणाला वाचता येत नाही, पुण्याचं येतं. तुम्हीही हेच करा. आणि पीडीएफवर वाद घालत बसू नका, त्यांच्या स्क्रिप्टमधून बाहेर पडलेली, पान लावण्याआधीची टेक्स्ट फाइल मागा.

मी लिपीतज्ज्ञ नाही, गामेलानही ऐकण्यापुरतंच. तुमच्याकडे वेगळं कारण निघू शकतं. पण 'फाँट बदला' हे उत्तर मला आता कामचुकारपणाचंच वाटतं.

जाता जाता, पुढे शोध लागावा म्हणून खुणांचा क्रम आधीच ठरवून ठेवा. एंडेप आणि गोंग उलटसुलट टंकले तरी नॉर्मलायझेशननंतर (वेगवेगळ्या तऱ्हेने टंकलेला तोच मजकूर एका ठरावीक रूपात आणण्याच्या क्रियेनंतर) एकच होतात, कारण खुणांचा क्रम ठरवणारे त्यांचे युनिकोड वर्ग वेगळे (२२० आणि २३०). तेगेह आणि गोंग दोन्ही २३० मधले, तिथे क्रम बदलला की शोधात सापडत नाही. केंपुल-जेगोगानच्या जोडखुणेलाही स्वतंत्र क्रमांक आहे, १बी७०. दोन खुणा एकापुढे एक टंकून ती होत नाही, आणि नॉर्मलायझेशनही ती जुळवून देत नाही. आमच्या फाइलमध्ये दोन्ही तऱ्हा होत्या, त्या एकसारख्या करायला छपाईपेक्षा जास्त वेळ गेला.